टोकाचाच कार्बन का? बोरिल कॉम्प्लेक्सबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: अल्केन, म्हणजे फक्त कार्बन-हायड्रोजनचे एकेरी बंध असलेले रेणू, पेट्रोलमध्ये तर सहज जळतात. मग त्यांचे कार्बन-हायड्रोजन बंध निष्क्रिय कसे?

उत्तर: जाळणं सोपं, हवा तोच बंध निवडणं अवघड. मिथेनमधला बंध तोडायला मोलमागे सुमारे ४३९ किलोज्यूल लागतात. त्याच्यावर विद्युतभारही जवळजवळ नसतो, त्यामुळे आम्ल किंवा अल्कली त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. क्लोरीनचा अणू बंध तोडतो, पण साखळीच्या मधले दुबळे बंध आधी.

प्रश्न: धातूला बोरॉनचा गट जोडला की बोरिल कॉम्प्लेक्स तयार होतं. त्यानं नेमकं काय बदलतं?

उत्तर: सगळी गंमत इथेच आहे. बोरॉनचं एक पी-ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉनची एक जागा, रिकामं असतं. अल्केन धातूला सैलसं चिकटलं की शेजारचा बोरॉन त्याचा हायड्रोजन स्वतःकडे ओढतो, म्हणजे बंध तोडण्याचा सगळा भार धातूवर पडत नाही. कार्बन धातूवर येतो आणि मग बोरॉनशी जुळतो. साखळीच्या टोकाच्या मिथिलजवळ (CH₃ गटाजवळ) गर्दी कमी, म्हणून पसंती त्यालाच. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात वॉल्ट्झ आणि हार्टविग यांनी १९९७ साली टंगस्टनच्या बोरिल कॉम्प्लेक्सवर प्रकाश टाकून हे दाखवलं. २००० साली हार्टविग यांच्या गटानं ऱ्होडियमचा उत्प्रेरक वापरून १५० अंशांना, प्रकाशाशिवाय, ऑक्टेनच्या टोकाला बोरॉन बसवला. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोठा टप्पा तोच.

प्रश्न: बेंझिनच्या कड्यावरही हे चालतं का?

उत्तर: चालतं, आणि जास्त सहज. २००२ साली इशियामा, मियाउरा आणि हार्टविग यांनी इरिडियम धातूला बायपिरिडिन या नायट्रोजनयुक्त रेणूची जोड दिली. प्रत्यक्ष काम करणाऱ्या कॉम्प्लेक्समध्ये इरिडियमवर तीन बोरिल गट असतात. मेटा-झायलीन (पहिल्या आणि तिसऱ्या कार्बनवर मिथिल असलेलं बेंझिन) घेऊन बघा: नेहमीचं नायट्रेशन (नायट्रो गट बसवणं) मिथिलच्या ऑर्थो-पॅरा, म्हणजे शेजारच्या आणि समोरच्या, जागांवर होतं, पण इथे बोरॉन दोन्ही मिथिलपासून लांब, पाचव्या कार्बनवर बसतो. ही जागा जुन्या पद्धतींनी एका पायरीत सहसा मिळत नाही. परीक्षेत यंत्रणा पाठ करण्यापेक्षा हा फरक कागदावर काढून समजून घ्या, असं मी आग्रहानं सांगेन.

प्रश्न: पण बोरॉन लावून उपयोग काय?

उत्तर: पुढच्या वाटा उघडतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अल्कलीनं अल्कोहोल किंवा फिनॉल, सुझुकी-मियाउरा अभिक्रियेनं नवा कार्बन-कार्बन बंध.

प्रश्न: यातली अडचण कोणती?

उत्तर: धातू महाग, आणि अल्केन बहुतेकदा द्रावक म्हणून भरपूर ओतावं लागायचं. किमती रेणूच्या बाबतीत ते परवडत नाही. २०२० साली हार्टविग यांच्या गटानं इरिडियमसोबत २-मिथिलफेनँथ्रोलिन हा बायपिरिडिनसारखाच नायट्रोजनयुक्त रेणू वापरून ही अट बरीच सैल केली.