मला कळतं, तरी हात थांबत नाही. माझ्या मेंदूतच काही बिघाड आहे का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वय 27, नोकरी हिंजवडीत. रात्री अकरानंतर फोनवरून नको ती खरेदी होते, साहेबांना रागात पाठवलेला मेसेज सकाळी वाचून लाज वाटते आणि मीटिंगमध्ये समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तुम्ही बोलून मोकळे होता. घरचे म्हणतात संयम नाही, तुम्हाला वाटतं प्रीफ्रंटल कॉर्टेक्स (मेंदूचा कपाळामागचा, आवर घालणारा भाग) कमजोर आहे.

मी पुण्यात एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. मला तुमचंही पटत नाही आणि घरच्यांचंही. तुम्ही तीन वेगळ्या गोष्टींची एकच मोळी बांधली आहे. ती सोडल्याशिवाय उपाय सापडायचा नाही.

मीटिंगमधलं बोलणं सगळ्यात सरळ. सुरू झालेली कृती मध्येच आवरण्याची क्षमता मोजता येते, त्याचं गणित लोगन आणि कोवन या मानसशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये मांडलं. पडद्यावर बाण दिसला की बटण दाबायचं, पण अधूनमधून लगेच ‘थांब’ अशी खूण येते, तेव्हा हात आवरायचा. नळ स्टॉपला गाडी पुढे दामटलीच आहे आणि तेवढ्यात सिग्नल लाल झाला, तसंच हे. निरोगी तरुणालाही असं आवरायला साधारण पाव सेकंद लागतो. त्या कामात कपाळामागचा उजवा भाग असतो, तसा मेंदूच्या खोल भागातला सबथॅलॅमिक न्यूक्लियसही असतो. म्हणजे पूर्ण साखळी आहे, एकच ‘ब्रेक’ ढिला झाला असं नसतं. तुम्ही मीटिंगमध्ये मुद्दा कागदावर लिहायला लागा, बरंचसं भागेल.

खरेदीचं प्रकरण मात्र खोल आहे. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, असं सगळीकडे सांगतात. ते चूक आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींची नोंद घेतली. सुरुवातीला रस मिळाला की पेशी चेतायच्या. दिव्याची खूण झाली की रस येतो हे माकड शिकलं, तेव्हा पेशी खुणेलाच चेतू लागल्या आणि प्रत्यक्ष रसाला गप्प. खूण होऊनही रस आला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जायची. आता ‘सेल संपायला दोन तास’ ही पट्टी आठवा. ती तुमची खूण. पार्सल उघडताना फारसं काही वाटत नाही, बरोबर ना?

घरच्यांसारखं ‘संयम नाही म्हणजे संस्कार कमी पडले’ म्हणणाऱ्यांना मी नेहमी पार्किन्सनच्या रुग्णांबद्दल सांगते. त्यांना कधी कधी डोपामिनसारखं काम करणाऱ्या गोळ्या देतात, उदाहरणार्थ प्रॅमिपेक्सोल. 2010 मध्ये तीन हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या प्रकारची औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे 17 टक्के लोकांत जुगार, बेसुमार खरेदी, खा-खा किंवा अनावर लैंगिक वर्तन दिसलं. ती न घेणाऱ्यांत सुमारे 7 टक्के. यात जन्मभर पै-पैचा हिशेब ठेवलेली माणसंही सापडतात. त्यांचे संस्कार काय म्हातारपणी बदलले? (घरात कुणाला ही गोळी चालू असेल तर परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.)

कुणी तुम्हाला मार्शमेलोचा प्रयोग ऐकवेलच. लहान मुलासमोर एक गोड खाऊ ठेवायचा, न खाता थांबलं तर दोन मिळतील म्हणायचं: ज्या मुलांनी धीर धरला ती पुढे यशस्वी झाली वगैरे. 2018 मध्ये जास्त मुलांवर हे तपासलं, तर संबंध खूपच कमी निघाला, आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर जवळजवळ उरलाच नाही. अमेरिकेत रॉचेस्टरला झालेला असाच प्रयोग तर मला जास्त आवडतो. तिथे आधी मोठ्यांनी मुलांना चांगले रंग आणून देऊ म्हटलं. काहींना दिले, काहींना नाही. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं खाऊसाठी सरासरी 12 मिनिटं थांबली, फसवलेली 3 मिनिटं. भरवसा नसेल तिथे आत्ताच घेऊन टाकणं, याला मी तरी उतावळेपणा म्हणणार नाही.

यातून उपाय कुठला? ‘आज 1000 की महिन्याने 1200’ असं विचारलं तर पुष्कळ लोक आजचे 1000 घेतात. तोच प्रश्न ‘वर्षाने 1000 की तेरा महिन्यांनी 1200’ असा विचारला की तीच माणसं 1200 म्हणतात. लांबून पाहताना आपण सगळेच शहाणे असतो. तेव्हा निर्णय लांबूनच करून टाका. रविवारी दुपारी ॲपमधून कार्ड काढा, यूपीआयला कमी शिल्लक असलेलं दुसरं खातं जोडा. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात, ज्यांचा स्वतःवर चांगला ताबा होता ती माणसं मोहाशी झगडताना उलट कमीच आढळली. तो वाटेत येणारच नाही, अशी त्यांची रचना असते.

रागातल्या मेसेजला वेगळंच औषध. भावना तापली की हात सुटणं हा प्रकार व्हाइटसाइड आणि लायनम या मानसशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये अविचारीपणापासून वेगळा काढला. इथे ‘यापुढे शांत राहीन’ हा निश्चय कुचकामी. ‘नऊनंतर साहेबांचा मेसेज आला, तर उत्तर नोट्समध्ये लिहीन आणि सकाळी बसमध्ये वाचेन’ असा जर-तरचा ठराव चालतो. भूमकर चौकातल्या कोंडीत वाचायला वेळ भरपूर मिळतो.

डॉक्टरांकडे कधी जायचं? हे बारा वर्षांच्या आधीपासून असेल तर एडीएचडी (लक्ष न टिकणं, उतावळेपणा यांचा लहानपणापासूनचा विकार) तपासून घ्या. अलीकडेच अचानक सुरू झालं असेल आणि झोप कमी होऊनही उत्साह उतू जात असेल, तर थांबू नका. कर्जापर्यंत गेलं असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तरीही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. जाताना आईला विचारून लिहून न्या, लहानपणापासूनचं काय आणि अलीकडचं काय. पहिल्या भेटीत हेच विचारतात.