पेटीमास्तरांचा निरोप

प्रश्न : सप्रेम सलाम. आमच्या ख्रिस्ती मंडळीत ३८ वर्षे उपासनेचे गायन सांभाळणारे गृहस्थ, ज्यांना लहानथोर सगळेच ‘मास्तर’ म्हणतात, येत्या नाताळानंतर वयोमानामुळे निवृत्त होत आहेत. पाळकीय समितीने उपासनेनंतर अर्ध्या तासाचा कार्यक्रम, शाल-श्रीफळ, मानचिन्ह आणि थैली असे ठरवले आहे. नारळाला काही वडीलधाऱ्यांचा विरोध आहे. तरुण संघाला त्या दिवशी मास्तरांच्याच गायनाची मैफल हवी आहे. त्यांच्या जागी येणारा मुलगा कीबोर्ड उत्तम वाजवतो, पण जुन्या पदांच्या चाली त्याला पुरत्या येत नाहीत, म्हणून मास्तरांनी ‘मार्गदर्शक’ राहावे असेही काही जण सुचवतात. सत्कार शोभेसा कसा करावा?
– एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : नारळाचा प्रश्न प्रथम निकालात काढू. शाल-श्रीफळ हा महाराष्ट्रातील सत्काराचा सर्वसाधारण रिवाज आहे हे खरे असले, तरी एकाही कुटुंबाच्या मनात किंतु असेल तर तो वाद मास्तरांच्या दिवशी उकरून काढू नये. शाल आणि फुले पुरेशी आहेत. थैलीसाठी स्वतंत्र वर्गणी करावी आणि रक्कम व्यासपीठावरून जाहीर करू नये.

मैफलीचा बेत मात्र रद्द करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. अशाच एका निरोपसमारंभात स्वागतगीताला पेटी धरणारे दुसरे कोणी नव्हते, म्हणून सत्कारमूर्तीच गळ्यातील हारासकट उठून पेटीवर बसलेली मी पाहिली आहे. हाराचे टोक भात्यात अडकले, लोक हसले, तेही हसले, आणि स्वतःच्या स्वागताचे तिन्ही चरण त्यांनी स्वतःच वाजवून पूर्ण केले. त्या दिवशी मास्तरांच्या हाती पेटी येणारच नाही, एवढी व्यवस्था समितीने केली तरी निम्मा सत्कार झाला असे समजावे.

उरलेला निम्मा सत्कार नाताळापूर्वीच सुरू करावा लागेल. पदांचे शब्द पुस्तकात छापलेले असतात आणि ते पुस्तक सर्वांच्या हाती असते. चाल मात्र बहुधा गाणाऱ्याच्या गळ्यात असते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगासारख्या मराठी वळणांत भक्तिगीते लिहिली, आणि अशी पदे कानाने शिकून कानानेच पुढे दिली जात असल्यामुळे एकाच पदाची चाल दोन गावांत वेगळी ऐकू येते. आपल्या मंडळीची जी चाल आहे, ती आज मास्तरांपाशी आहे. म्हणून दोघातिघांनी त्यांच्या सोयीच्या चार-पाच दुपारी त्यांच्या घरी जावे, प्रत्येक पदाचे ध्रुवपद आणि एक कडवे फोनवर ध्वनिमुद्रित करावे, आणि पट्टी काळी दोन की पांढरी चार, ठेका भजनी की केरवा, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावे. पुढे जाणकाराकडून त्याचे भातखंडे पद्धतीने स्वरलेखन करून घ्यावे. त्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र (खालच्या) सप्तकातील स्वराखाली आणि तार (वरच्या) सप्तकातील स्वरावर टिंब, समेला म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला फुली आणि कालाला म्हणजे टाळी नसलेल्या ‘खाली’च्या मात्रेला शून्य अशा मुख्य खुणा असतात. कीबोर्ड वाजवणाऱ्या हुशार मुलाला त्या एका आठवड्यात वाचता येतील. मानचिन्हाच्या खर्चात अशा वहीच्या दोन बांधीव प्रती होतील : एक मास्तरांना द्यावी, दुसरी मंडळीच्या कपाटात ठेवावी. या दुपारी त्या मुलालाही सोबत न्यावेच. बायबलमधील पहिल्या इतिहासाच्या २५ व्या अध्यायात मंदिराच्या २८८ निपुण गायकांची पाळी ठरवताना गुरू आणि शिष्य यांच्यासाठी एकत्रच चिठ्ठ्या टाकल्या आहेत, हे त्याला जाता जाता सांगण्यास हरकत नाही.

‘मार्गदर्शक’ हे पद देण्याबाबत मी साशंक आहे. बायबलमधील लेवी, म्हणजे उपासनास्थानाची सेवा करणाऱ्या वंशातील पुरुष, वयाच्या ५० व्या वर्षी सेवेतून मुक्त होत. त्यांनी दर्शनमंडपात आपल्या बांधवांना साहाय्य करावे, पण सेवेचे काम करू नये, असे गणना ८:२५-२६ मध्ये सांगितले आहे. त्यातील दुसरा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो. पद दिले की दर शनिवारच्या तालमीला मास्तरांची वाट पाहिली जाईल, आणि नव्या मुलाने सूर धरताच सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळतील. चाल अडली तर मुलाने त्यांच्या घरी जाऊन विचारावी. त्यासाठी पदाची गरज नाही.

मुख्य मान उपासनेतच द्यावा, कारण कार्यक्रम म्हटला की निम्मे लोक दारातून निघून जातात. पाळकांनी त्यांच्यासाठी नावाने प्रार्थना करावी, आणि त्यांनी स्वतः चाल लावलेले एखादे पद सबंध मंडळीने उभे राहून, नव्या मुलाच्या साथीवर गावे. भाषणे दोनच असावीत, त्यांतील एक त्यांच्याकडे गाणे शिकलेल्या एखाद्या बाईंचे असावे.

आपल्या पत्रात मास्तरांच्या घरच्या मंडळींचा उल्लेख नाही. त्यांच्या पत्नी असतील, तर ३८ वर्षे दर रविवारी त्या बाकावर पतीविना बसल्या असतील. उपासना सुरू होण्यापूर्वीच त्यांच्या शेजारची जागा मोकळी ठेवण्यास कार्यकर्त्यांना सांगून ठेवावे.