वाचकांचे प्रश्न : रोममधला चौथा दिवस

प्रश्न : आम्ही पती-पत्नी एप्रिलमध्ये रोमला जात आहोत. कोलोसियम, व्हॅटिकन इत्यादी ठिकाणे पहिल्या तीन दिवसांत पाहून होतील. चौथा दिवस मोकळा ठेवला आहे आणि त्या दिवशी पर्यटकांची झुंबड नसलेली, साधी रहिवासी वस्ती पाहावी असे वाटते. आम्ही बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहतो, त्यामुळे घरे आणि गल्ल्या पाहण्याची आवड आहे. काय सुचवाल?
— एक वाचक, सीबीडी बेलापूर

उत्तर : आपण आर्टिस्ट व्हिलेजचा उल्लेख केला नसता, तर मी त्रास्तेव्हेरेचे नाव घेऊन मोकळी झाले असते. अर्थात त्या बिचाऱ्या वस्तीत आता रहिवासी शोधावे लागतात. आपण मात्र गारबातेल्लाला जावे. आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी सात-सात घरे एका सामाईक अंगणाभोवती बसवली, त्याच्या साठ वर्षे आधी रोममध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी अंगणांभोवती घरे बांधण्याचा जो प्रयोग झाला, तो तिथे आजही नांदता आहे.

वस्तीची पायाभरणी १८ फेब्रुवारी १९२० रोजी राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याच्या हस्ते झाली, आणि ज्या चौकात ती झाली त्या पियात्सा बेनेदेत्तो ब्रिनपासूनच आपण फेरी सुरू करावी. ब्रिन हे जहाजबांधणीतले अभियंते आणि नौदलमंत्री होते. समुद्रापासून दूर, टेकाडावरच्या या चौकाला त्यांचे नाव का, असा प्रश्न पडेल. तेव्हा समुद्रापासून रोमपर्यंत कालवा खणून नदीकाठी बंदर उभारण्याची योजना होती आणि ही घरे तिथल्या कामगारांसाठी होती. कालवा झाला नाही, बंदरही झाले नाही, घरे तेवढी झाली. नियोजित शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे फारसे आश्चर्य वाटू नये.

मूळ आराखडा जोव्हान्नोनी आणि पियाचेंतीनी या वास्तुरचनाकारांचा असून इंग्लंडमधल्या उद्याननगरांची कल्पना त्यामागे होती. सुरुवातीची घरे बैठी किंवा दोन-तीन मजल्यांची आहेत आणि त्यांच्याभोवती भाजीपाल्यासाठी जमीन राखलेली होती. तिथे इमारतींच्या गटाला ‘लोत्तो’ म्हणतात आणि प्रत्येक लोत्तोला क्रमांक असतो. सिडकोच्या सेक्टरांची सवय असलेल्यांना हा हिशेब लगेच उमगतो. इमारतींकडे निवांत पाहावे. कामगारांची घरे म्हणून हात आखडता घेतलेला नाही: कमानी, दगडी वाटाव्यात असे गिलाव्याचे कोपरे, दारावर फळांच्या माळा, मध्येच एखादा मुखवटा. या शैलीला रोममध्ये ‘बारोक्केत्तो’, म्हणजे नक्षीदार, भपकेबाज बारोक शैलीची छोटेखानी आवृत्ती, असे नाव आहे. इनोचेंत्सो साब्बातीनी या वास्तुरचनाकाराचे काम तर नुसते पाहत राहावे असे आहे. पाल्लादिउम हे नाट्यगृह त्याचेच, आणि घड्याळाचा मनोरा असलेला तांबडा ‘अल्बेर्गो रोस्सो’ही त्याचाच. अल्बेर्गो म्हणजे हॉटेल, पण इथे प्रवासी उतरत नसत. मुसोलिनीच्या काळात रोमच्या मध्यभागी रुंद रस्त्यांसाठी जुने मोहल्ले पाडले गेले आणि तिथून हुसकावलेल्या कुटुंबांना अशा इमारतींमध्ये ठेवले गेले. कोलोसियमसमोरच्या ज्या प्रशस्त रस्त्यावर आपण पहिल्या दिवशी छायाचित्रे काढाल, त्याची दुसरी बाजू चौथ्या दिवशी इथे दिसेल.

वस्तीत साब्बातीनीनेच बांधलेली एक बालवाडी आहे. गोलमेज परिषदेहून परतताना डिसेंबर १९३१ मध्ये गांधीजी रोमला थांबले होते, तेव्हा त्यांनी ती पाहिली होती. शाळा चालू असल्यामुळे ती बाहेरूनच पाहावी.

आता मुख्य गोष्ट. गारबातेल्लात तिकीट काढून पाहण्यासारखे जवळजवळ काही नाही. पाहायची असतात ती अंगणे, आणि अंगणे लोकांची आहेत. बरीच फाटके दिवसा उघडी असतात आणि आतल्या पायवाटांवरून एका लोत्तोतून दुसऱ्यात जाता येते. पाइन वृक्षांखाली दोऱ्यांवर कपडे वाळत असतात, खुर्च्या टाकून आजीबाई बसलेल्या असतात. वास्तुकलेचे विद्यार्थी कॅमेरे घेऊन आपल्याच अंगणात येतात, तेव्हा त्यांतले कोणते आपल्याला आवडतात आणि कोणते नकोसे होतात, हे आपणांस मी काय सांगावे! समोर कोणी दिसल्यास ‘बुओन जोर्नो’ म्हणावे, माणसांची आणि वाळत घातलेल्या कपड्यांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि बंद फाटक ढकलून पाहू नये.

टर्मिनी स्थानकावरून मेट्रोच्या बी मार्गाने लाउरेंतिनाच्या दिशेला पाचवे स्थानक गारबातेल्लाच. सकाळी नऊ-साडेनऊला पोहोचावे. मी पहिल्यांदा भर दुपारी दोनला गेले आणि बंद शटरांशिवाय मला काहीही दिसले नाही. दुपारी छोटी दुकाने मिटून घेण्याची पद्धत तिथे अजून टिकून आहे.

दुपारची ती वेळ रेल्वेमार्गापलीकडे, ऑस्तिएन्से रस्त्यावरच्या चेंत्राले मोंतेमार्तीनीला द्यावी. हे १९१२ चे वीजकेंद्र. कापितोलीनी संग्रहालयांत दुरुस्ती सुरू असताना तिथली काही प्राचीन शिल्पे १९९७ मध्ये इथे आणली गेली, आणि ती तात्पुरती सोय पुढे कायमची झाली. अजस्र काळ्या डिझेल इंजिनांपुढे संगमरवरी देवता उभ्या आहेत. व्हॅटिकनच्या रांगेत घामाघूम झाल्यावर या शांततेची किंमत कळते. संग्रहालय सोमवारी बंद असते, तेव्हा चौथा दिवस सोमवारी येत असल्यास बेत बदलावा.

जाता-येता रुळांवरचा पांढरा कमानदार पूल दिसेल. २०१२ मध्ये खुल्या झालेल्या या पुलाला सेत्तिमिया स्पित्सिक्कीनो यांचे नाव आहे. १६ ऑक्टोबर १९४३ च्या नाझी धरपकडीनंतर रोममधून आउश्वित्झच्या छळछावणीत नेलेल्या हजाराहून अधिक ज्यूंपैकी सोळा जण परतले, त्यांत त्या एकट्याच स्त्री होत्या.

प्रश्न : मागे आपण गारबातेल्लाबद्दल ओझरते लिहिले होते. माझी आई सत्तरीची आहे, गुडघे दुखतात आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. तिला नेणे योग्य ठरेल का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : जरूर न्यावे, पण सगळी वस्ती पालथी घालण्याचा हट्ट धरू नये. जागा चढ-उताराची असून अनेक वाटा पायऱ्यांच्या आहेत. त्यांतल्याच एका जिन्यापाशी कार्लोत्ता नावाच्या स्त्रीचा मुखवटा असलेले कारंजे आहे. ‘गारबाता’ म्हणजे अदबशीर. अशाच एका अदबशीर खाणावळवालीवरून वस्तीला नाव मिळाले, असे लोक सांगतात. खरेखोटे कोण ठरवणार!

खाण्याची चिंता थोडी आहे. रोमची प्रसिद्ध मिरे-चीज घातलेली पास्ता ‘काचो ए पेपे’ शाकाहारी म्हणून खुशाल पुढे केली जाते, परंतु तिच्यातले पेकोरीनो चीज कोकराच्या जठरातल्या विरजणाने बनते. आई ते चालवून घेत नसतील, तर लसूण-मिरचीवर परतलेली चिकोरीची पालेभाजी, तळलेले आर्टिचोक आणि साधा ‘पित्सा बियांका’ मागवावा. पुंतारेल्ले नावाच्या कोशिंबिरीत मासळी असते आणि तळलेल्या भाताच्या ‘सुप्ली’त बहुधा खिमा असतो. ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढे पाठ करून ठेवावे. पाण्याची बाटली विकत घेऊ नये. रोमभर असलेल्या ‘नासोने’ या लोखंडी नळांचे वाहते पाणी पिण्याचेच असते.

आपणांस अंगणे पाहायची असतील, तर आईंना तासभर पियात्सा ब्रिनच्या बाकावर बसवावे. सोबतीला कोणी ना कोणी येऊन बसतेच, आणि भाषा येत नसली तरी गुडघ्यांविषयीचे बोलणे हातवाऱ्यांनी बरेच पुढे जाते.