आठव्या हेन्रीच्या दरबारातला सम्राटाचा वकील शापुई: तो काय काम करायचा आणि त्याच्या पत्रांवर किती विसंबावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्यावरच्या मालिकांमध्ये यूस्टास शापुई नावाचा राजदूत सतत दिसतो आणि हेन्रीची दुसरी बायको अ‍ॅन बोलिन हिला नावं ठेवतो. असा माणूस खरंच होता का, त्याचं काम काय होतं, आणि त्याने लिहिलेलं खरं मानावं का?

माणूस खरा होता. १५२९ ते १५४५, मधला एक खंड सोडला तर सलग, तो लंडनमध्ये पवित्र रोमन सम्राट पाचव्या चार्ल्सचा प्रतिनिधी होता. विश्वास मात्र वाक्यागणिक ठरवावा लागतो. स्वतः पाहिलेलं, तिसऱ्याकडून ऐकलेलं आणि मनापासून हवं असलेलं, हे सगळं तो एकाच पत्रात एकापाठोपाठ एक लिहून जातो.

आपल्या जुन्या दरबारी मराठीत परराज्यात ठेवलेल्या प्रतिनिधीला ‘वकील’ म्हणत. शापुईला हा शब्द दोन्ही अर्थांनी लागू पडतो, आणि त्याची पत्रं समजून घ्यायची किल्लीही तीच आहे. जन्म १४९०च्या सुमारास, सावॉयमधल्या आन्सी गावी (आज फ्रान्समध्ये). वडील दस्तऐवज करणारे नोटरी. तूरिनला आणि पुढे इतरत्र शिकून तो दिवाणी आणि चर्चच्या अशा दोन्ही कायद्यांचा डॉक्टर झाला. जिनिव्हाच्या बिशपच्या न्यायालयात त्याने न्यायाधीशाचं काम केलं आणि १५२७ मध्ये चार्ल्सच्या चाकरीत आला. लंडनला कायदेपंडितच का धाडला? कारण तिथला मुख्य तंटा कायद्याचा होता. हेन्रीची राणी, अ‍ॅरागॉनची कॅथरीन, ही चार्ल्सची सख्खी मावशी. ती आधी हेन्रीच्या मोठ्या भावाची, आर्थरची, बायको होती. म्हणून आपलं लग्न मुळातच अवैध, असा हेन्रीचा दावा. पोपचे दोन प्रतिनिधी वूल्झी आणि कांपेज्जो यांच्यापुढे लंडनमध्ये चाललेला हा खटला १५२९च्या जुलैमध्ये तहकूब झाला आणि पुढे रोमकडे गेला. शापुई पोचला तो त्यानंतर, सप्टेंबरच्या सुमारास. पुढच्याच महिन्यात वूल्झीची, जो हेन्रीचा मुख्य मंत्रीही होता, सत्ता गेली.

राजाची भेट मागून सम्राटाचं म्हणणं मांडणं हे कामाचं दिसणारं अंग. बाकीचा वेळ बातम्या जमवण्यात, कॅथरीन आणि तिची मुलगी मेरी यांच्याशी चोरून पत्रव्यवहार ठेवण्यात आणि हे सगळं लिहून पाठवण्यात जाई. तो सम्राटाला फ्रेंचमध्ये लिही. नाजूक मजकूर सांकेतिक लिपीत असे आणि पोचल्यावर तिकडचे कारकून तो उलगडून लिहीत. दुसरं पत्र सम्राटाच्या वतीने नेदरलँड्सचा कारभार पाहणाऱ्या बाईंकडे जाई: १५३० अखेरपर्यंत चार्ल्सची आत्या मार्गारेटकडे, १५३१ पासून त्याची बहीण, हंगेरीची मेरी हिच्याकडे.

यात अडचणी दोन. पहिली म्हणजे तो आला तेव्हा त्याला इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. दरबारात फ्रेंच आणि लॅटिनवर भागे, पण पार्लमेंटमधलं भाषण किंवा रस्त्यावरची कुजबुज त्याच्यापर्यंत दुसऱ्याच्या तोंडून येई. दुसरी अडचण अंतराची. सम्राटाचा मुक्काम आज जर्मनीत, उद्या इटलीत, परवा स्पेनमध्ये. उत्तर यायला कित्येक आठवडे लागत, आणि येई तेव्हा प्रश्नच बदललेला असे. म्हणून बरेच निर्णय शापुईने आपल्या अंदाजाने घेतले आणि नंतर पत्रात त्यांचं समर्थन केलं. त्याच्या पत्रांतला ‘मी असं ठणकावलं’ हा सूर या समर्थनातून येतो. तो थोडा चाळून घ्यावा.

आता शिव्यांबद्दल. १५३३ मध्ये हेन्रीने अ‍ॅनशी लग्न केलं, पण त्यानंतरही तो अ‍ॅनला ‘रखेल’ म्हणतो आणि तिची मुलगी एलिझाबेथ हिला अनौरस. हा निव्वळ द्वेष आहे असं समजून पुष्कळ जण ती पत्रं बाजूला ठेवतात. द्वेष होताच, पण सम्राटाची बाजू अशी होती की कॅथरीनचं लग्न वैध आहे आणि ती जिवंत असेतो दुसरी राणी असूच शकत नाही. अ‍ॅनला एकदा ‘राणी’ लिहिलं की खटला सोडून दिल्यासारखंच. उलट बाजूने इंग्लंडचे अधिकारीही कॅथरीनला राणी न म्हणता ‘विधवा युवराज्ञी’ म्हणत. दोन्हीकडचे वकील शब्द सांभाळत होते. म्हणूनच १८ एप्रिल १५३६ चा प्रसंग मोठा ठरतो. जानेवारीत कॅथरीन वारली होती, म्हणजे कायद्याची ती अडचण सैल झाली होती. ग्रिनिचच्या राजवाड्यात अ‍ॅनच्या भेटीला जायचं शापुईने टाळलं. पण तिचा भाऊ जॉर्ज त्याला प्रार्थनेला घेऊन गेला, दाराशी अ‍ॅन वळली आणि दोघांनी एकमेकांना लवून नमस्कार केला. इतकंच. हे त्याने स्वतः केलेलं आणि तीन दिवसांनी लिहिलेलं, म्हणून ते मी जवळपास जसंच्या तसं स्वीकारतो. त्याच दिवशी जेवणानंतर राजा आणि त्याचा मुख्य मंत्री थॉमस क्रॉमवेल यांच्यात खटका उडालेला त्याने दुरून पाहिला. दिसलं ते खरं. पण बोलणं त्याच्या कानावर पडत नव्हतं, हे विसरू नका.

समोरासमोरच्या संवादाचा उत्तम नमुना एप्रिल १५३३ चा आहे. हेन्री वारस हवा म्हणाला. शापुईने सुचवलं की नव्या बायकोपासून मूल होईलच याची खात्री काय? त्यावर हेन्रीने तीन वेळा विचारलं, मी इतर पुरुषांसारखा पुरुष नाही का? असा तपशील फ्रेंचमध्ये झालेल्या, ताज्या आणि स्वतःच्या संवादातूनच येतो.

ऐकीव बातमीचा नमुना जानेवारी १५३६ चा, आणि यावरूनच सर्वांत जास्त गोंधळ झाला आहे. हेन्रीने म्हणे कुणाला सांगितलं की आपण जादूटोण्याने भुलून हे दुसरं लग्न केलं. ही साखळी मोजा: हेन्रीकडून एका बड्या दरबाऱ्याला, त्याच्याकडून एक्सेटरच्या मार्क्विस दांपत्याला, तिथून निरोप्यामार्फत शापुईला. म्हणजे मधे किमान तीन तोंडं, आणि एक्सेटर मंडळी अ‍ॅनची विरोधक. शापुई स्वतः लिहितो की बातमी चांगल्या ठिकाणाहून आली असली तरी विश्वास ठेवणं जड जातं. ही पुस्ती गाळून लोक ‘अ‍ॅनवर चेटकिणीचा आरोप होता’ असं ठोकून देतात. त्याच वर्षी मे महिन्यात अ‍ॅनवर खटला चालून तिला देहान्त झाला, त्या खटल्यात आरोप होते व्यभिचार, सख्ख्या भावाशी संबंध आणि राजद्रोह. चेटूक त्यात नव्हतंच.

पिवळ्या कपड्यांची गोष्टही अशीच. कॅथरीनच्या मृत्यूनंतर आनंदाने पिवळं कोण ल्यालं? शापुई म्हणतो हेन्री, टोपीत पांढरं पीस खोवून. समकालीन इंग्रज इतिहासकार एडवर्ड हॉल म्हणतो अ‍ॅन. मालिकावाल्यांनी दोघांनाही पिवळं नेसवून प्रश्न मिटवला!

माझ्या मते त्याची सर्वांत वजनदार साक्ष तीच, जी त्याच्या स्वतःच्या इच्छेविरुद्ध जाते. अ‍ॅन पडावी म्हणून हा माणूस सात वर्षं झटला. तरीही खटल्यानंतर तो लिहितो की ठोस पुरावा किंवा कबुली नसताना केवळ संशयावरून शिक्षा झाली, आणि लोक कुजबुजताहेत. हा कायदेपंडिताचा डोळा बोलतो. खटल्याच्या दालनात तो नव्हता आणि तिच्या शिरच्छेदाच्या वेळी परदेशी लोकांना टॉवर या लंडनच्या किल्ल्याबाहेर काढलं होतं, त्यामुळे तिथले बारकावे ऐकीव आहेत. पण शत्रूच्याच तोंडचा हा कौल दुर्लक्षिता येत नाही. याउलट ६ जूनच्या पत्रात क्रॉमवेल त्याला सांगतो की हे सगळं प्रकरण आपणच योजलं. हे वाक्य क्रॉमवेलच्या तोंडचं म्हणून घ्यावं, घडलेल्या गोष्टीचा दाखला म्हणून लगेच घेऊ नये. सम्राटाच्या वकिलापुढे ते श्रेय घेण्यात त्याचा फायदा होता.

सर्वांत कच्चा भाग म्हणजे त्याचे सल्ले. १५३३ ते १५३५ दरम्यान तो पुन्हा पुन्हा लिहितो की फौज पाठवा, इंग्रज सरदार उठायला टपलेले आहेत. १५३४ मध्ये लॉर्ड हसी आणि लॉर्ड डार्सी त्याच्याशी तसं बोललेही होते. पण शापुईशी बोलायला येई तो नाराजच माणूस. राजावर खूश असलेला कशाला येईल? त्यामुळे त्याला देशभर असंतोषच दिसे. चार्ल्सला तुर्क, फ्रान्स आणि जर्मन लुथरवादी असे तीन घोर होते. १५३५ मध्ये त्याने आरमार नेलं ते ट्युनिसवर. उत्तर इंग्लंडमध्ये खरोखर उठाव झाला तो १५३६च्या ऑक्टोबरात, आणि सम्राटाकडून मदत आली नाही. हसी आणि डार्सी दोघांचाही पुढच्या वर्षी शिरच्छेद झाला.

व्यवहारात मात्र तो हट्टी नव्हता. जून १५३६ मध्ये मेरीवर दडपण आलं की आईचं लग्न अवैध होतं हे मान्य कर. सही कर, जीव वाचव, आणि ही सही जबरदस्तीची असल्याचा गुप्त निषेध नोंदवून ठेव, असा सल्ला शापुईने दिला. मेरीने सही केली.

पुढची कारकीर्द भराभर सांगतो. १५३९च्या सुरुवातीला चार्ल्स आणि फ्रान्स जवळ आले तेव्हा त्याला परत बोलावलं गेलं, ते १५४०च्या जुलैपर्यंत. म्हणजे क्लीव्हच्या अ‍ॅनशी हेन्रीचं लग्न झालं तेव्हा तो लंडनमध्ये नव्हता. त्या लग्नाचा ‘शापुई सांगतो’ असा आँखों-देखा हाल कुणी दिला तर सावध राहा. फेब्रुवारी १५४३ मध्ये हेन्री आणि चार्ल्स यांचा फ्रान्सविरुद्ध करार झाला, त्यात त्याचा मोठा हात होता. तोवर संधिवाताने त्याला इतकं जखडलं की खुर्चीतून उचलून न्यावं लागे. १५४५ मध्ये निरोप घेऊन तो लूव्हेनला स्थायिक झाला, तिथे सावॉयच्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेज आणि आन्सीत शाळा काढली. २१ जानेवारी १५५६ रोजी वारला, म्हणजे मेरी राणी झालेली आणि चार्ल्सच्या मुलाशी तिचं लग्न झालेलं त्याच्या हयातीतलं.

पत्रं वाचायला घेणार असाल तर दोन खाचखळगे. तेव्हा इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी १५३६ ची घटना इंग्रज कागदांत १५३५ खाली सापडते. कॅथरीनचा मृत्यू ७ जानेवारीचा, तो असाच हुकतो. आणि इंग्रजीत सहज मिळतात ते बहुतेक एकोणिसाव्या शतकातले सारांश-अनुवाद. त्यांत गायांगोस या अनुवादकाचा हात जिथे लागला आहे तिथे भाषा मोकळी आहे, कधी मूळ फ्रेंचपासून दूरही जाते. तुमचा सगळा युक्तिवाद एका शब्दावर उभा असेल तर फ्रेंच पाठ गाठा. मूळ कागद मुख्यतः व्हिएन्नाच्या दप्तरात आहेत. सुरुवात १५३६ पासून करा: आधी २१ एप्रिलचं पत्र, मग १९ मेचं, मग ६ जूनचं. समासात प्रत्येक वाक्यापुढे ‘पाहिलं’, ‘ऐकलं’ किंवा ‘हवं होतं’ अशी खूण करत गेलात, की चौथ्या पत्रापासून खुणेची गरज उरणार नाही.