पेशीवरची साखर आणि विषाणूची पकड

प्रश्न : फ्लूचा विषाणू पेशीवरच्या साखरेला चिकटतो, असे वाचले. मग गोड कमी खाल्ल्याने संसर्ग टळेल का? आणि ही साखर पक्ष्यांच्या व माणसांच्याही पेशींवर असते, तर बर्ड फ्लू माणसामाणसांत सहज का पसरत नाही?

उत्तर : गोड कमी खाल्ल्याने या बाबतीत फरक पडत नाही, कारण ही साखर रक्तातल्या ग्लुकोजसारखी सुटी नसते, पेशी तिच्या फांद्याफांद्यांच्या साखळ्या स्वतः घडवते आणि पृष्ठभागावरच्या प्रथिनांना व मेदांना जोडून ठेवते. यांतील अनेक साखळ्यांच्या टोकाला सायलिक आम्ल ही आम्लधर्मी साखर असते आणि फ्लूचा विषाणू हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाने नेमके तेच धरतो. एकेक पकड ढिली असते, पण अशा अनेक पकडी एकाच वेळी बसल्या की विषाणू निसटत नाही आणि पेशी त्याला आत ओढून घेते.

आपला दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. सायलिक आम्ल साखळीतल्या शेजारच्या गॅलॅक्टोज या साखरेच्या तिसऱ्या कार्बनला जोडलेले आहे की सहाव्या, याला येथे फार महत्त्व आहे. पक्ष्यांच्या आतड्यात पहिली जोडणी विपुल असते व बर्ड फ्लूचा विषाणू तीच पसंत करतो. माणसाच्या नाकात, घशात आणि श्वासनलिकेत मुख्यतः दुसरी असते. मात्र फुफ्फुसात खोलवर, वायुकोशांपाशी, आपल्यातही पहिली जोडणी सापडते. त्यामुळे हा विषाणू तिथवर पोहोचला तर न्यूमोनिया गंभीर होतो, पण खोकल्या-शिंकांतून तो सहजासहजी दुसऱ्याकडे जात नाही. हे एकमेव कारण नव्हे, पण मोठे कारण निश्चितच आहे.

विषाणूला चिकटण्याइतकेच सुटणेही आवश्यक असते. १९४१ साली विषाणूशास्त्रज्ञ जॉर्ज हर्स्ट यांना, कोंबडीच्या फ्लू-संसर्गित अंड्यातील द्रव काढताना, त्यात मिसळलेल्या रक्तातील तांबड्या पेशींचे, विषाणूने त्या एकमेकींना चिकटवल्याने, पुंजके झालेले दिसले. पुढे असे आढळले की थंडाव्यात जमलेले पुंजके ३७ अंश सेल्सिअसला मोकळे होतात, आणि त्याच पेशींत तोच विषाणू नव्याने घातला तरी त्या पुन्हा गोळा होत नाहीत; कारण विषाणूच्या न्यूरामिनिडेज या विकराने (एन्झाइमने) त्यांच्यावरचे सायलिक आम्ल कापून टाकलेले असते. नाकातल्या शेंबडातही हेच आम्ल असल्याने विषाणू तिथेही अडकतो आणि त्याच कात्रीने वाट काढतो. ओसेल्टामिव्हिर हे औषध ही कात्री बोथट करते, मग नवे विषाणू जन्मदात्या पेशीलाच चिकटून राहतात आणि पुढच्या पेशींत पसरू शकत नाहीत. म्हणूनच ते लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत, डॉक्टरांच्या सल्ल्याने, सुरू केल्यास अधिक गुण येतो.