मूल कडेवर, धंदा हातात : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीचशी पत्रं खेड्यात राहून घरी लहान मुलं सांभाळणाऱ्यांची आहेत. 'घरबसल्या कोणता व्यवसाय चांगला?' असं सरसकट विचारणाऱ्यांना सरसकट उत्तर देता येत नाही. म्हणून ज्यांनी घरची परिस्थिती सविस्तर कळवली, त्यांचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मूल दीड वर्षाचं आहे. हे एमआयडीसीत पाळीवर जातात. घरी सासूबाई असतात, पण त्यांचे गुडघे धरलेत, त्यामुळे मुलामागे पळणं त्यांना जमत नाही. हाताशी १५ हजार रुपये आहेत. पापड, मसाले आणि शिवणकाम यांपैकी काय सुरू करू? (सिन्नर तालुका)

उत्तर : पैशांचा विचार नंतर करा. हातातलं काम मध्येच टाकून उठलात तर काय बिघडतं, ते आधी बघा. दीड वर्षाच्या मुलापायी दिवसातून पंधरा-वीस वेळा उठावं लागणारच.

पापडाचं पीठ भिजवून कुटलं की त्याच दिवशी संपवावं लागतं. लाट्या उघड्या राहिल्या तर वरून कातडं धरतात आणि लाटताना कडा फाटतात. मसाल्यात मिरची भाजायची म्हणजे घरभर ठसका, तोही मूल घरात असताना. शिवणाचं तसं नाही. ब्लाउजची बाही अर्धी राहिली तर उद्या तिथूनच पुढे सुरू होते.

त्यामुळे तुम्ही साडीला फॉल लावण्यापासून सुरुवात करा. त्याला यंत्रही लागत नाही, हातशिलाईच असते. पिकोसाठी, म्हणजे साडीची कड यंत्रावर शिवून घेण्यासाठी, साड्या साठवून गावातल्या किंवा तालुक्याच्या पिको करणाऱ्याकडे एकदम टाका आणि मधला फरक स्वतःकडे ठेवा. तीन महिन्यांत आठवड्याला किती साड्या येतात ते कळेल. आकडा टिकून राहिला तरच पिकोचं यंत्र घ्या, तेही जुनं, चालवून बघून. पंधरापैकी निदान तीन हजार दोरे, फॉल आणि सुयांसाठी बाजूला राहू द्या. यंत्रात सगळे पैसे घातले आणि जुळता दोरा आणायला पैसे उरले नाहीत, अशी अडचण शिवणात नेहमी येते.

सुया, टाचण्या आणि कात्री झाकणाच्या डब्यात, डबा फळीवर. आणि काम घेण्याआधी आठ दिवस वहीत नोंद करा : दोन्ही हात सलग अर्धा तास कधी मोकळे होते? मनात धरलेल्या वेळेपेक्षा वहीतला वेळ कमीच निघतो. साडी कधी देणार हे गिऱ्हाइकाला सांगताना वहीतला वेळ धरा.

प्रश्न : फॉल लावलेली साडी पहिल्या धुण्यातच खाली गोळा होते. गिऱ्हाईक परत आणून देतं. (माण तालुका)

उत्तर : फॉल सुती असतो आणि पाण्यात आटतो. साडी आटत नाही, म्हणून कापड ओढलं जातं. फॉल रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता वाळवा, इस्त्री करा आणि मगच लावा. गडद रंगाचा फॉल वेगळा भिजवा, पाण्यात रंग उतरला तर बदलून घ्या. टाके घालताना दोरा ओढून घेऊ नका. एवढं करूनही चुण्या पडत असतील तर दोरा फार ताणला जातोय. यंत्रावर टाके सुटत असतील तर आधी सुई बघा. पातळ रेशमी कापडाला ११ नंबर, सुतीला १४. आणि सुईची चपटी बाजू उलटी बसली असेल तर नवी सुईही टाके सोडते.

प्रश्न : आमच्या तिघी जावांनी उन्हाळ्यात उडदाचे पापड केले. काही वाळताना वाकडे झाले, काही तळल्यावर तांबूस आणि कडवट लागले. उरलेल्या मालाला श्रावणात बुरशी आली. नेमकं काय चुकलं? (जामखेड तालुका)

उत्तर : तिन्ही दोषांची कारणं वेगवेगळी आहेत.

तांबूसपणा आणि कडवटपणा बहुतेक वेळा जास्त पापडखारामुळे येतो. एक किलो उडीद पिठाला साधारण ३५ ग्रॅम पापडखार, ४० ग्रॅम मीठ, २० ग्रॅम मिरे आणि १० ग्रॅम हिंग हे प्रमाण धरा. पाणी ४०० ते ४५० मिलि, पीठ जितकं जुनं आणि कोरडं तितकं थोडं जास्त. खार आणि मीठ पाण्यात उकळून, गाळून, पूर्ण गार करून मग पीठ भिजवा. चमच्याने मोजू नका. बारीक खार आणि खड्याचा खार यांचं चमच्यातलं वजन एक नसतं. खार कमी पडला तर पापड फुलत नाही आणि दाताखाली चिवट लागतो, म्हणून भीतीने एकदम कमीही करू नका. नवीन दुकानातून खार आणला की आधी पाव किलोचा घाणा करून तळून बघायचा.

वाकडेपणा वाळवण्यातून येतो. लाटलेला पापड थेट कडक उन्हात टाकला की कडा आधी सुकतात, मधला भाग ओला राहतो आणि वाटी होते. आधी घरात, सावलीत कापडावर पसरा. उचलल्यावर लोंबणार नाही इतका सुकला की मग तास-दीड तास ऊन द्या. लाटताना मध्ये जाड आणि कडेला पातळ झाला तरी हेच होतं.

बुरशीचं मूळ पॅकिंगच्या दिवशीच असतं. उन्हातून उचललेला गरम पापड लगेच पिशवीत भरला तर आत वाफ धरते आणि ती पापडातच मुरते. रात्रभर झाकून गार होऊ द्या, सकाळी भरा. एक पापड मोडून बघा. कट्कन तुटला आणि चुरा झाला तर फार सुकला, प्रवासात फुटेल. वाकून मग तुटला तर बरोबर. नुसताच वाकला तर अजून ओला आहे. किराणा दुकानातली पातळ कॅरीबॅग पावसाळ्यात ओल अडवत नाही. जाड पिशवी घ्या, सीलिंग मशीनने तोंड बंद करा आणि पिशव्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून नाही.

तिघी असल्यामुळे तुम्हाला पापड जमू शकतात. एक लाट्या करते, दोघी लाटतात आणि मुलासाठी कुणीतरी एक उठू शकते. एकटीने दोन किलोच्या वर पीठ भिजवू नये. आणि पापड एकट्याचा धंदा नाही हे मुंबईच्या गिरगावातल्या सात जणींनी दाखवून दिलंय. १९५९ मध्ये ८० रुपये उसने घेऊन त्यांनी गच्चीवर जे सुरू केलं, तेच पुढे लिज्जत झालं.

प्रश्न : कांदा-लसूण मसाला ६०० रुपये किलोने विकते. माल संपतो, पण हातात काही राहत नाही. दुकानदार २० टक्के मागतो, देऊ का? (कराड तालुका)

उत्तर : हिशेब मांडू या. खालचे दर नमुन्याचे आहेत, तुमच्या बाजाराचे घालून बघा.

एक किलो मिरचीला पाव किलो धणे, पाव किलो सुकं खोबरं, अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, १०० ग्रॅम तीळ, १०० ग्रॅम खडा मसाला, १०० ग्रॅम मीठ आणि १०० मिलि तेल धरलं, तर सामानाचे साधारण ६३० रुपये होतात. कांडप १००, गॅस ३०, पिशव्या आणि लेबलं ४५. आता तुमचे तास. देठ काढणं, कांदा चिरून वाळवणं, भाजणं, भरणं मिळून ५ तास. तासाला ६० रुपये धरले तरी ३००. एकूण १,१०५.

माल किती निघतो? मिरचीचे देठ जातात, कांद्यातलं पाणी जातं, कांडपात थोडं उडतं. हाती येतो सुमारे १.९ किलो. म्हणजे किलोला ५८० रुपये खर्च आणि ६०० ला विक्री. हातात राहत नाही ते यामुळे. दुकानदाराला २० टक्के, म्हणजे किलोमागे १२० रुपये दिलेत तर स्वतःची मजुरी त्याच्या खिशात घालाल.

दर वाढवण्याआधी घाणा मोठा करा. पाच किलो मिरचीचा घाणा केला तर पाचपट वेळ लागत नाही. २५ तासांऐवजी ११-१२ तासांत उरकतो, कारण चूल पेटवणं, भांडी काढणं, कांडपाला जाऊन रांगेत थांबणं एकदाच होतं. तिथे किलोला खर्च ५०० च्या आसपास येतो. तरीही दुकानासाठी वेगळा, चढा दर लागेलच. तो परवडत नसेल तर दुकान सोडा, थेट विका.

मिरची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, नवी आवक असताना घ्या. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी लवंगी किंवा संकेश्वरी. सगळी एकाच जातीची घेतली तर मसाला एकतर नुसता लाल होतो नाहीतर नुसता जाळतो. आणि तुमचं गिऱ्हाईक परत येतं की नाही हे खोबऱ्यावर ठरतं. खोबऱ्याला जरा जरी खवट वास असला तर सगळा घाणा महिन्या-दोन महिन्यांत खवट होतो. कांदा आणि लसूण ओलसर राहिले तर मसाल्याच्या गाठी होतात आणि पांढरी बुरशी धरते. कांदा वाळवून, तेलात कुरकुरीत तळून, पूर्ण गार झाल्यावरच मिसळा.

प्रश्न : कापसाच्या वाती करण्याचं यंत्र घेतलं तर कंपनी कच्चा माल देते आणि तयार माल परत घेते म्हणे. बाळ लहान आहे, घरात बसून होईल असं वाटतं. घेऊ का? (लोणार तालुका)

उत्तर : नको. असल्या योजनेत विक्रेत्याचा नफा यंत्रात असतो, वातीत नाही. ते विकलं गेलं की त्याचं काम संपलं. पुढे माल 'नापास' होऊ लागतो : लांबी कमी, पीळ ढिला, रंग पिवळट. करार वाचलात तर किती माल, किती महिने, कोणत्या दराने घेणार हे त्यात बहुधा नसतं, आणि 'दर्जानुसार' हा शब्द मात्र असतो. द्रोण-पत्रावळी आणि अगरबत्तीच्या यंत्रांबाबतही हेच. वाती करायच्याच असतील तर एक किलो कापूस आणून हाताने करा आणि गावातल्या देवळाजवळच्या तीन दुकानांत विकून बघा. त्या खपल्या नाहीत तर यंत्राच्या खपतील असं धरू नका.

पेन्सिल पॅकिंग, घरबसल्या डेटा एन्ट्री, 'आधी नोंदणी शुल्क भरा' ही थेट फसवणूक आहे. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम अडवण्याची शक्यता कमी. 'तुमचं बँक खातं वापरायला द्या, कमिशन मिळेल' असं कुणी म्हणालं तर अजिबात नाही. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात.

प्रश्न : बायको जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. मी घरी दोन मुलं सांभाळतो. घराच्या मागच्या खोलीत धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) करता येईल का? (भोर तालुका, एक वडील)

उत्तर : करता येईल. मागची खोली राहत्या घराला लागून असेल तर मात्र अडचण आहे, ती पुढे येते.

सुरुवात दहा पिशव्यांची ठेवा. गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा १० किलो, त्याच हंगामातला, पाऊस न लागलेला. दोन-तीन इंचांचे तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी ८० अंश तापमानाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा. थर्मामीटर वापरा, 'हात भाजतो' हे माप नव्हे. काढून निथळवा आणि गार करा. मुठीत घट्ट दाबल्यावर थेंब गळू नये, तळहात फक्त ओला व्हावा. निम्मं अपयश इथेच असतं. पाणी जास्त राहिलं की पिशवी आंबते आणि हिरवी बुरशी धरते.

किलोभर कोरड्या काडाला ८० ते ९० ग्रॅम बियाणं, म्हणजे स्पॉन, थराथराने पसरून पिशवी भरा. दाबून बांधा आणि सुईने वीस-पंचवीस भोकं पाडा. अंधाऱ्या, स्वच्छ जागी २२ ते २८ अंशांत १५ ते २० दिवसांत पिशवी पांढरी होते. मग प्लास्टिक काढा, दिवसातून दोन-तीन वेळा पाण्याचा फवारा द्या आणि हवा खेळती ठेवा. हवा कोंडली तर देठ लांब आणि टोपी लहान होते. पहिला तोडा सगळ्यांत मोठा, पुढचे दोन कमी. तिन्ही मिळून किलोभर कोरड्या काडाला ६०० ग्रॅम ते १ किलो ताजी अळिंबी मिळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ तुमच्याकडे सोपा. एप्रिलमध्ये पहिला प्रयत्न करू नका. बियाणं आणि प्रशिक्षण दोन्हीसाठी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातला अळिंबी प्रकल्प तुम्हाला जवळ पडेल.

आता ती अडचण. पक्व धिंगरी अगणित बीजाणू सोडते आणि ते श्वासातून गेल्यावर काहींना खोकला, ताप, छातीत घरघर होते. त्या खोलीतून राहत्या घरात उघडणारं दार असेल, किंवा मुलांपैकी कुणाला दमा असेल, तर तिथे अळिंबी नको. बाहेरच्या शेडमध्ये करा, टोपीची कड वर वळायच्या आत तोडा, आत जाताना मास्क लावा.

दहा पिशव्यांतून एकदम तीन-चार किलो माल एक-दोन दिवसांत निघतो आणि फ्रिजबाहेर तो टिकत नाही. म्हणून स्पॉन आणण्याआधी घेणारी घरं आणि ढाबे लिहून काढा. दोन-दोन पिशव्या चार दिवसांच्या अंतराने भरल्या तर माल पसरून येतो. उरलेली वाळवून ठेवा, दहा किलोची एक किलो होते.

प्रश्न : घरून चिवडा आणि लाडू विकायला कोणते कागद लागतात? एजंट पाच हजार मागतोय. (वेंगुर्ला तालुका)

उत्तर : छोट्या प्रमाणावर घरून खाद्यपदार्थ विकायलाही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. ती त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर स्वतः करता येते आणि तिचं सरकारी शुल्क वर्षाला १०० रुपये आहे. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा जवळ ठेवा. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी पूर्ण मोफत आहे. सरकारी दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर पैसे घेतात, तेव्हा पत्ता gov.in वर संपतो का ते बघा. अर्ज भरता येत नसेल तर आपले सरकार केंद्रात विचारा, किंवा बचत गटात असाल तर सरकारच्या उमेद अभियानाच्या प्रभाग समन्वयकांना. पाच हजारांचं काम हे नाही.

पाकिटावर पदार्थाचं नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची आणि संपण्याची तारीख, बॅच क्रमांक, सर्व करांसह किंमत, तुमचं नाव-पत्ता, संपर्क क्रमांक, हिरवं शाकाहारी चिन्ह आणि १४ अंकी नोंदणी क्रमांक हवा. विक्रीचा वजनकाटा वैधमापन विभागाचा शिक्का असलेलाच हवा. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यासाठी वापरायला परवानगी नाही, व्यावसायिक सिलिंडर घ्या आणि त्याचा दर लाडवाच्या हिशेबात धरा. चिवड्यातले शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप दमट कोकणी हवेत लवकर खवट होतात, तेव्हा संपण्याची तारीख शेजारणीला विचारून टाकू नका. दोन पाकिटं तुमच्याच फळीवर ठेवा, दर आठवड्याला चाखा आणि चव जिथे बदलते त्याच्या बरीच अलीकडची तारीख छापा.