प्रबंधाची मोठी वर्ड फाइल ‘खराब झाली आहे’ असे सांगून उघडतच नाही. मजकूर परत मिळेल का?

बहुतेक वेळा मजकूर परत मिळतो. मात्र सर्वप्रथम त्या फाइलची एक प्रत काढावी आणि पुढचे सारे प्रयत्न त्या प्रतीवरच करावेत. वर्डच्या ‘ओपन’ खिडकीत फाइल निवडून ‘ओपन’ बटणाशेजारच्या बाणावर क्लिक केल्यास ‘ओपन अँड रिपेअर’ हा पर्याय दिसतो, आणि पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. न भागल्यास घाबरून जाऊ नये, कारण वर्ड २००७ पासून रूढ झालेली डॉक्सएक्स फाइल ही वस्तुतः अनेक लहान फाइलींचा झिप संच असते, आणि त्यातील एखादा भाग बिघडला तरी बाकीचे भाग शाबूत राहू शकतात. प्रतीचे एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटचे ‘.docx’, बदलून ‘.zip’ केले आणि ती उलगडली, की ‘वर्ड’ नावाच्या फोल्डरात ‘डॉक्युमेंट’ या एक्सएमएल (खुणांसह मजकूर साठवणाऱ्या) फाइलमध्ये मुख्य मजकूर आणि ‘मीडिया’ या उपफोल्डरात चित्रे सापडतात. तळटीपा मात्र ‘फुटनोट्स’ या स्वतंत्र फाइलमध्ये असतात. प्रबंधात त्यांचे मोल मोठे, म्हणून त्या आठवणीने काढून घ्याव्यात. फाइल दुरुस्त होऊन उघडली, तरी शेवटचे परिच्छेदचिन्ह (¶) वगळून उरलेला मजकूर नव्या फाइलमध्ये चिकटवणे श्रेयस्कर, कारण त्या चिन्हात शेवटच्या विभागाची मांडणी साठवलेली असते आणि तिच्याबरोबर जुना दोषही नव्या फाइलमध्ये येऊ शकतो. फाइलचा आकार शून्य बाइट दिसत असेल, तर यांपैकी काहीच उपयोगी पडणार नाही. अशा वेळी क्लाउडवरील आधीची आवृत्ती किंवा वर्डमधील ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’ या पर्यायात शोध घ्यावा.